एफीबाईंचे हात

"मास्तर, ती चाल तर तुमच्याच पुस्तकात आहे की!" एफीबाई म्हणाल्या. मी वही त्यांच्या टेबलावर उघडून ठेवली.

बारा वर्षांपूर्वी मी लोकगीतं गोळा करत स्कॉटलंडच्या या बेटावर आलो, तेव्हा याच टेबलापाशी त्यांनी मला त्यांच्या आईचं एक गाणं दिलं होतं. विणलेलं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते ओलं करून टेबलावर आपटायच्या आणि त्या ठेक्यावर गायच्या. मी शब्द भराभर उतरवून घेतले. चाल लिहायला वेळ लागला असता आणि माझी बोट सुटणार होती. छापायच्या वेळी मी कुठल्याशा नाचाची गोड चाल त्या शब्दांना बसवली आणि खाली ठोकून दिलं, 'एफीबाईंनी म्हटली तशी.' पुस्तक शाळाशाळांत गेलं.

आता दुसरी आवृत्ती निघत होती आणि मला खरी चाल हवी होती.

"पुस्तकातली राहू द्या. तुमची आई म्हणायची तशी म्हणा ना," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. तळवे टेबलावर पडू लागले, भरभर, दणदणीत. तोंडातून मात्र नातवंडांनी शाळेतून घरी आणलेली माझीच चाल निघाली. तिचा आणि हातांचा मेळ बसेना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडल्या. मग ओशाळून हसल्या आणि दोन्ही हात एप्रनखाली लपवले.

"माफ करा हं, मास्तर. हातच चुकतात माझे आता. छापलेलं कसं चुकेल?"