सिरीजचा बल्ब

थोरल्याचं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. धाकट्या भावाचा गिटारचा ॲम्प्लिफायर टेबलावर आला, तेव्हाच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा टाळ्या घेणार आणि आपण याचं जळकं निस्तरणार! त्यातून बायको सारखी डोकावत होती. "अहो, भावजींचं झालं का?" इतक्या आस्थेने तिने नवऱ्याच्या तापाचीही कधी चौकशी केली नव्हती.

मशीन आणखी जळू नये म्हणून त्याने सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेतच, बल्ब टाकून वीज दिली. बल्ब झगझगीत पेटला. म्हणजे आत शॉर्ट होता. त्याने आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर काढले. आता बल्ब मंद व्हायला हवा होता, पण तो तसाच राहिला. वैतागून त्याने स्पीकरची वायर तोडली आणि भिंतीतला प्लगच उपटला.

बल्ब विझला नाही. उलट तालात कमीजास्त होऊ लागला.

त्याने कान लावला. स्पीकरमधून साधी खरखरही येत नव्हती. आतल्या खोलीतून मात्र बायकोचं गुणगुणणं येत होतं, बल्बच्या त्याच तालावर.

त्याने हात भाजत बल्ब पिरगाळून काढला. गुणगुणणं थांबलं.

"अहो," ती आतून लाडाने म्हणाली, "वाजवू द्या ना भावजींना."