पंधरा दिवस काम बंद

जाफराबादची दैवशाला गोधड्यांची डिझाइनं एकटीच काढायची, एकटीच शिवायची. मनगट सुजलं, डॉक्टर रागावले, तेव्हा तिनं स्टेटस ठेवलं, 'पंधरा दिवस काम बंद.' गिऱ्हाइकांनी लिहिलं, 'ताई, हाताला जपा. आम्ही थांबतो.'

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, रिकामीच हायेस. मंग उद्या पापड लाटून घेऊ."

"अवं, हात दुखून राह्यला माझा!" दैवशालाच्या डोक्यात तिडीक गेली.

"घरच्या कामानं कुठं हात दुखतो?"

सकाळी तिनं खोलीला आतून कडी घातली आणि मशीन सुरू केली. बाहेर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "तिला हाक मारू नको, कामात हाये."



सुजलेला हात मांडीवर ठेवून दैवशाला दातओठ खात पायानं पॅडल दाबत होती. सुईत दोराच नव्हता.