खासदारांच्या हातचं रेंदांग

फोटो निघाला तसा लेमाननं उलथणं परत घ्यायला हात पुढे केला.

"झालं, वायबी. आता बसा मंडपात, सावलीला."

बहारुद्दीननं उलथणं सोडलं नाही. होडीच्या वल्ह्याएवढं ते लाकडी उलथणं आणि समोर नारळाच्या दुधात अख्ख्या म्हशीच्या मटणाचं रेंदांग रटरटणारी काहील. गावात लग्न असलं की आदल्या दिवसापासून सगळे राबायला येतात. बायका लसूण सोलतात, पुरुष नारळ फोडतात आणि काहिलीशी दोघं उभे राहतात. वीस वर्षं ते दोघं म्हणजे लेमान आणि बहारुद्दीन. मग बहारुद्दीन ग्रामसमितीतून नगरपालिकेत गेला, तिथून राज्याच्या विधानसभेत आणि गेल्या निवडणुकीत थेट क्वालालंपूरला, संसदेत. आमदार झाल्या दिवसापासून त्याचं नावच पुसलं गेलं. साहेब म्हणावं तसं जो तो त्याला 'वायबी' म्हणू लागला, आणि लग्नात त्याची जागा पहिल्या टेबलाशी ठरून गेली, साटिनची खोळ घातलेल्या खुर्चीवर. लग्नसराईत दर शनिवारी अशा तीन-चार खुर्च्या त्याच्या वाट्याला यायच्या.

"आज मी हलवतो," तो म्हणाला. "पार सुकेपर्यंत."

"अजून दोन तास लागतील, वायबी."

"लागू देत की."

त्याची सचिव सुराया लगबगीनं पुढे आली. "वायबी, साडेअकराला दुसरं लग्न आहे." मग तिला वाटलं, आपल्या लक्षात आलं. "अच्छा, व्हिडिओ हवाय का? मग जरा त्या बाजूनं हलवा, चेहऱ्यावर ऊन येतंय." हे ऐकताच काहिलीभोवतीचे चारही जण चटकन मागे सरले. कॅमेऱ्यात आपण मध्ये नको, एवढं आता गावाला न सांगता कळत होतं.

"कॅमेरा गाडीत ठेव," बहारुद्दीन म्हणाला, "आणि तूही गाडीत बस."

ती गेली. तरी मागे सरलेले पुढे येईनात. एकानं हातातली सिगारेट हळूच चपलेखाली चिरडली. बहारुद्दीनला नको तेवढं वाईट वाटलं. खोबऱ्याचा वास तोच होता, धूर तसाच डोळ्यांत जात होता. त्याला फार काही नको होतं. या काहिलीशी आपण पुन्हा दोघांतले एक व्हावं, एवढंच.

"काय रे लेमान," त्यानं सुरुवात केली, "बायको घरात घेते का अजून, की ओसरीवरच झोपतोस?"

सगळे एकदम हसले, जरा जास्तच. पूर्वी अशा वेळी लेमाननं त्याच्या सासूपासून सुरुवात करून सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता तो नाकावरचा घाम पुसत म्हणाला, "अल्लाच्या कृपेनं सगळं ठीक आहे, वायबी."

तेवढ्यात नवरीची आई, मा उदा, मंडपातली साटिनची खुर्ची स्वतः उचलून घेऊन आली. "उभ्यानं कशाला हो? बसून हलवा ना," म्हणाली. बसून रेंदांग हलवलेलं तिच्या बापजन्मात कुणी पाहिलं नसेल. जाता जाता तिनं ओढ्यावरच्या पुलाला त्यानं कबूल केलेल्या कठड्याची आठवणही करून दिली.

तो उभाच राहिला. तासाभरानं खांदे भरून आले. रस आटून मसाला काळपट झाला; आता तळ सतत खरवडायला हवा होता. त्याचा हात मंदावला, मग थांबला. खालून करपल्याचा वास आला. खरं तर तेवढ्यात दोनदा खोल खरवडलं असतं तर निभावलं असतं. त्यानं मुद्दाम खरवडलं नाही. एकदा असंच तळाशी लागलं होतं तेव्हा लेमाननं चार पाहुण्यांसमोर त्याच्या बोटांवर नारळाच्या करवंटीची डवली हाणली होती. तो वाट बघत राहिला.

वास सगळ्यांनाच आला. लेमान आला. उलथण्याच्या टोकाचा थोडा मसाला तळहातावर घेऊन त्यानं चाटला.

"छान झालंय, वायबी," लेमान म्हणाला. "जरासा धूर लागला की चव वाढते."

"वाढते, वाढते," बाकीचे म्हणाले.

मग लेमान गर्रकन वळला. चुलीशी जाळ सांभाळायला मा उदाचा थोरला जावई समाद उकिडवा बसला होता. जळती लाकडं त्यानं केव्हाच मागे ओढली होती. खाली नुसते निखारे होते.

"काय रे गाढवा, डोळे फुटले का तुझे? केवढा हा जाळ! म्हैस काय तुझ्या बापानं दिलीय?"

"बापानं नाही, सासऱ्यानं दिलीय," समाद म्हणाला.

"वर तोंड करून बोलतोस?" लेमाननं त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. समाद कळवळला आणि खदाखदा हसला. आता बाकीचेही हसले, पोटातून. कुणीतरी समादच्या सासऱ्याचं काहीतरी काढलं, आणि काहिलीभोवती एकदम पूर्वीसारखा गलका झाला.

"लेमान," बहारुद्दीन मोठ्यानं म्हणाला, "अरे, मी करपवलं. त्यानं नाही. मी."

गलका थांबला. लेमाननं मान खाली घातली.

"तुमच्या हातून कसं करपेल, वायबी?"

समादच्या पांढऱ्या बनियनवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, सकाळपासून हळद कालवणाऱ्या लेमानचा पंजा पिवळाधमक उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट दिसत होती. बहारुद्दीन त्याच्याकडे बघत उभा राहिला.