न बोलता भरलेला चुडा

लग्नाचा चुडा भरायला मी हात पुढे केला. कासारीणमावशी मुकाट्याने हिरवी बांगडी रेटू लागली. अशी गप्प राहून तिने आमच्या घरात कधी बांगड्या भरल्या नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या चुड्याला ती तालात म्हणाली होती, “सोड बाई सोड, हात सैल सोड, सासूची भीती माझ्यावर सोड!” ताई किंचाळत होती, बायका हसून लोळत होत्या, आणि त्या नादात बांगडी आपसूक चढत होती. मी मोबाइलवर ते टिपलं आणि हौसेने नेटवर टाकलं. महिन्याभरात ते वाक्य रिक्षांच्या पाठीवर झळकलं. मावशी गल्लीत शिरली की पोरं ओरडायची, “मावशे, परीक्षेची भीती तुझ्यावर सोडू का?”

आज एक बांगडी वाढवली, लगेच दुसरी. आई धास्तावून काचा वेचू लागली. माझा हात लाकडासारखा ताठला होता.

“मावशी, ते म्हण ना गं.”

“नको बाई. तोंड उघडलं की लोक हसतात.”

तेवढ्यात बाहेर मांडवात डीजेवाल्याने तिचाच आवाज ठेक्यावर लावला. सगळा मांडव खिदळला. मावशीने मान खाली घातली.

“मावशी, तो व्हिडिओ मी टाकला होता.”

“ठाऊक आहे. त्यात तुझ्या ताईचा हात आहे. मी भरलेला हात विसरत नाही.”

मला वर बघवेना. तिने माझी बोटं तळव्यात मिटली, तोंड कानाशी आणलं आणि माझ्यापुरतं पुटपुटली, “सोड बाई सोड, हात सैल सोड...”

पुढचं ती बोललीच नाही. तेवढ्यावर बांगडी अलगद चढली.