खालचे फुटवे

वॉकर टेकत हाकोब आपल्या परसात आला, त्याने वेलीकडे बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला.

एकनाथरावांना वाटलं, म्हातारा खूश झाला. होतीच वेल तशी देखणी. काल दिवसभर खपून त्यांनी ती छाटली होती. कंबरेइतकं सरळ खोड, वर मोजक्या काड्या, आणि बुडाशी माजलेले फुटवे एकूण एक साफ. निफाडला असं झाड छाटलं की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघतो. नोव्हेंबर अर्धा सरला तरी इथे छाटणीचा पत्ता नाही, शेजारी खुब्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणात आणि त्याची वेल वाऱ्यावर! मुलाकडे अमेरिकेत नेपरव्हिलला नुकत्याच आलेल्या या द्राक्ष बागायतदाराचे हात शिवशिवले. विचारायचं कशाला? चांगलं काम सांगून करायचं नसतं.

हाकोब काहीतरी बोलला. आवाज अगदी बारीक होता. एकनाथरावांची सून स्वानंदी ऐकता ऐकता ओठ चावू लागली.

"काय म्हणतात?"

"बाबा, ते विचारतायत, खालचे लांब शूट्स कुठे आहेत?"

"फेकले की. बांडगूळ मेलं, झाडाचा रस खातं. सांग त्यांना."

स्वानंदीने ते सांगितलं नाही. "बाबा, ते आर्मेनियाचे आहेत. त्यांच्या डोंगरात खूप बर्फ पडतो. म्हणून थंडीच्या आधी वेल जमिनीवर आडवी झोपवतात आणि वर माती टाकतात. एप्रिलमध्ये उकरून काढतात. इथेही ते दरवर्षी तेच करतात. पण झोपवायला ते खालचे शूट्सच लागतात. खोड बेंड होत नाही."

एकनाथरावांनी खोडाला हात लावला. मनगटापेक्षा जाड. वाकवलं तर मोडणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. द्राक्षवेल पुरतात, हे मात्र त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ते तसेच लगबगीने फेकलेले फुटवे शोधायला रस्त्याच्या कडेला गेले, पण पालापाचोळा नेणारी गाडी सकाळीच येऊन गेली होती.

"आज रात्री पारा किती उतरणार गं?"

स्वानंदीने फोन पाहिला. "आपल्या हिशेबाने मायनस चौदा. आणि स्नो."

मग तिने उरलेलंही एका दमात सांगून टाकलं. ही वेल हाकोबच्या वडिलांनी आणलेली. काडी कोटाच्या अस्तरात शिवून. गावाकडची बाग आता राहिलेली नाही, त्या जातीची एवढीच एक वेल त्याच्यापाशी. तिचीच वाइन तो दरवर्षी त्या कोपऱ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात घालतो.

"मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, बाबा."

"मी विचारायला हवं होतं."

एकनाथरावांनी फावडं घेतलं. गारठलेली माती ओढून ते बुडाशी ढीग घालू लागले. ढीग गुडघ्यापर्यंत चढे आणि घसरे. वरचं सगळं उघडंच. हाकोब खुर्चीत बसून नुसता बघत होता. तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर एकनाथरावांना बरं वाटलं असतं.

आभाळ खाली उतरू लागलं तेव्हा ते फावडं टाकून घरात गेले आणि काखेत गोधडी घेऊन आले.

"बाबा, अहो, ही आईंची आहे!" स्वानंदी आडवी आली. "हिच्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. मी ब्लँकेट आणते ना."

"ब्लँकेटही आण. ते बाहेरून बांधू." ते खाली बसले. "थंडी हिला वाजणारे. मला घरात हीटर आहे."

त्यांनी सुलभाताईंच्या जुन्या लुगड्यांची ती गोधडी खोडाभोवती लपेटली, वरून ब्लँकेट घातलं, सुतळीने आवळलं. हाकोबने खुर्चीतून वाकून एक मोकळी राहिलेली कड चाचपली. तो टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"वाइफ?" त्याने विचारलं.

एकनाथरावांनी होकारार्थी मान हलवली आणि बोट आभाळाकडे केलं.

शेंड्याच्या दोन काड्या तेवढ्या उघड्या राहिल्या होत्या. हाकोबने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, त्यांच्यावर ओढून घट्ट बसवली. पहिला बर्फ त्याच्या टकलावर पडायला लागला.

"वाचेल का? विचार त्यांना," एकनाथराव म्हणाले.

स्वानंदीने विचारलं. हाकोबने खांदे उडवले.

"एप्रिल," तो म्हणाला.

फेब्रुवारीत आपली बाग तोडणीला येते, त्याच्या आत परतायचं, ही अट मुलाकडून कबूल करून घेऊनच एकनाथराव विमानात बसले होते. बाग दुसऱ्याच्या हवाली करून तोडणी झाल्याचं त्यांच्या आयुष्यात एकही वर्ष नव्हतं.

त्यांनी हातांची माती झटकली. बर्फात उभ्या असलेल्या टोपीकडे त्यांनी बघितलं.

"स्वानंदी," ते म्हणाले, "तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का गं?"