अण्णांची टेप

कुलसंमेलनाच्या हॉलमध्ये भास्कररावांनी ऐटीत टेप लावली. घराण्यानं गाव का सोडलं, हे ठाऊक असलेला शेवटचा माणूस म्हणजे त्यांचे दिवंगत वडील, अण्णा. त्यांचा आवाज पुढच्या पिढ्यांसाठी जपला, म्हणून भास्कररावांचा नुकताच सत्कार झाला होता. स्वतः मात्र त्यांनी तीस वर्षांत ती टेप ऐकली नव्हती.

"गाव सोडलं ते अक्कापायी. माझी थोरली बहीण. तिला त्या दिवशी..."

"अण्णा, बायकांच्या भानगडी नकोत," तरणे भास्करराव टेपमधून खेकसले. "इतिहास सांगा. साल कोणतं?"

"साल कसलं घेऊन बसलास? त्या पोरीला आपल्याच भावकीनं..."

"राहू द्या. दुष्काळामुळे आलो, असं लिहितो."

"लिही बाबा. शिकलेला तू."

हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या नातीनं विचारलं, "आजोबा, अक्काला काय केलं आपल्या लोकांनी?"

"पणजोबांनी सांगितलंच नाही गं," असं भास्कररावांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण अख्ख्या भावकीनं आत्ताच ऐकलं होतं. म्हातारा सांगत होता, लेकानंच त्याचं तोंड बंद केलं होतं.