एअरबॅगचा दिवा

म्हातारपणी पुरुषाला लाड सुचतात हे माईनं ऐकलं होतं, पण तिच्या घरातल्या म्हाताऱ्यानं ताळच सोडला होता. ताटातल्या बोई माशाचे काटे तिनं काढून द्यायचे. पेपर किंजलनं, नातीनं, वाचून दाखवायचा आणि यानं खुर्चीत पाय पसरून ऐकायचा. आता त्यात या गाडीची भर.

उद्या केळव्याला भाचीची हळद. माहेरच्या प्रत्येक कार्याला माई आजवर गाडीच्या पुढच्या सीटवरून उतरली होती, पदर सावरत, सावकाश. ते बघून भावजयांच्या पोटात दुखायचं. दुखावं म्हणूनच ती सावकाश उतरायची.

आणि म्हातारा म्हणत होता, "गाडी निघणार नाय. एअरबॅगचा दिवा लागलाय."

"ती पिशवी धडक बसल्यावर फुगते ना? मंग धडक मारू नका."

"दिवा लागला की मशीन चालवायची नाय."

सारा जन्म त्यानं तारापूरच्या प्लांटात, इलेक्ट्रिकल खात्यात काढला होता. तिथला कायदा घरीही चाले. मिक्सरला जरा जळका वास आला, तर चटणी पाट्यावर.

"मंग मेकॅनिक बोलवा."

"बघू."

बघू-बघूत हळद दारात आली. शेवटी म्हातारा मागच्या वाडीत नारळ पाडून घ्यायला गेला, तशी माईनं बोईसरच्या मिथुन मेकॅनिकला फोन लावला. "येतोस की तुझ्या आईला सांगू?"

मिथुन आला. स्टिअरिंगखाली आपलं छोटं मशीन जोडून त्यानं वाचलं. "ड्रायव्हरच्या बॅगेची लाइन तुटलीय म्हणतो, माई."

"कुठं तुटलीय?"

"तेच तर शोधायचं." त्यानं हॉर्न दाबला. अंगणातल्या कोंबड्या कुंपणावर उडाल्या.

"अरे मेल्या, वरात आलीय काय?"

"तसं नाय माई. स्टिअरिंगच्या आत पट्टीसारखी वायर गुंडाळलेली असते. हॉर्नची आणि बॅगेची लाइन तिच्यातूनच जाते. ती तुटली की बहुतेक हॉर्नपण बसतो. हा तर वाजतोय. म्हणजे खोट खाली असंल."

"मंग घुस की खाली."

मिथुननं बॅटरीची वायर काढली आणि बॉनेटला टेकून निवांत उभा राहिला.

"आता काय, चहा पायजे?"

"थांबावं लागतं. करंट उरलेला असतो आत. घाई केली नि बॅग फुटली, तर तोंड फुटंल माझं."

"थांब रे बाबा, थांब. आधीच कोण पोरगी देत नाय तुला." चहा मात्र तिनं आणला, आलं घालून.

कप ठेवून तो स्टिअरिंगखाली पालथा झाला. बराच वेळ त्याचे पायच तेवढे दिसत होते. मग आवाज आला, "माई, हे तुटलं नाय. हे काढलंय."

एक पिवळा प्लग टॉर्चच्या उजेडात लोंबत होता. नीट, लॉक उघडून सोडवलेला. तोंडात धूळ जाऊ नये म्हणून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि टेपचं टोक दुमडून ठेवलं होतं, पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून.

माई त्या दुमडीकडे बघत राहिली. पंपाच्या वायरला तशी दुमड होती. इस्त्रीच्या वायरला होती. त्या घरात टेपचं टोक दुमडणारा माणूस एकच होता.

तिच्या कानांतून वाफा निघाल्या. माझ्या माहेरी यायचं नव्हतं, तर तोंड नव्हतं का सांगायला? चोरासारखं स्टिअरिंगखाली घुसून?

"लाव परत," ती मिथुनला म्हणाली. "आणि आमच्या म्हाताऱ्याला, तुझ्या बळवंतकाकाला, यातलं अवाक्षर बोलायचं नाय."

मिथुननं प्लग बसवला, बॅटरी जोडली, मशीनमधून जुनी नोंद पुसली. चावी फिरवली. लाल दिवा लागला, जरा थांबला आणि विझला.

तो गेला तरी माई गाडीपाशीच उभी होती. म्हातारा पडवीच्या भिंतीला हात लावत वाडीतून आला.

"चला," ती म्हणाली. "मिथुन येऊन गेला. दिवा गेला. नाक्यापर्यंत एक फेरी मारू."

तो थबकला. "गेला?"

"गेला."

आता हा काहीतरी सबब काढणार, म्हणून माईनं जिभेला धार लावून ठेवली होती. कोणती सबब काढली की काय ऐकवायचं, सगळं तयार होतं. पण त्यानं सबब काढलीच नाही. धोतराला तळवे पुसले आणि स्टिअरिंगपुढे जाऊन बसला. माई पलीकडून चढली. त्यानं बोटांनी चाचपून चावीचं भोक शोधलं. इंजिन सुरू झालं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं, की नखं पांढरी पडली.

"अगो," तो हळूच म्हणाला, "किंजलला बाजूला व्हायला सांग. कवाधरनं गाडीपुढं उभी हाय."

माईनं समोर बघितलं. किंजल सकाळीच कॉलेजला गेली होती. अंगणात कुणी नव्हतं. दांडीवर माईचं हिरवं लुगडं वाऱ्यानं हलत होतं.

जिभेवरचं सगळं तिनं गिळलं. स्टिअरिंगमागच्या काचेकडे बघितलं. काटे आपापल्या जागी होते, आणि जिथं लाल दिवा लागायचा तिथं काळोख होता. तिनं हात लांब केला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"उतरा," ती म्हणाली. "उद्या एसटीनं जाऊ. मिथुनला काय अक्कल नाय, तुमीच खरे. दिवा अजून लागलेलाच हाय."